उभ्या गाडीवर नारळ

६ मे, सोमवार

ही वही मितेशच्या सांगण्यावरून सुरू करतो आहे. मितेश म्हणजे आमचा मुलगा, पुण्याला असतो. काल फोनवर म्हणाला, बाबा, विम्याचा क्लेम म्हणजे सगळं तारीखवार लिहून ठेवा, नंतर विचारतात. पतपेढीने दिलेली डायरी कपाटात पडून होती, ती काढली. जानेवारीपासूनची पानं कोरी आहेत. कोणी वाचलं तर म्हणेल, गुरुदास जुवाटकराच्या आयुष्यात मे महिन्यापर्यंत काही घडलंच नाही. रेघा फार फिकट छापल्यात. पतपेढीने शाईतही काटकसर केलेली दिसते.

तर घडलं ते असं. काल रविवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी आमच्या घरापुढच्या खळ्यात उभ्या असलेल्या गाडीवर माडावरून नारळ पडला आणि वरची काच फुटली. मी पडवीत खुर्चीवर होतो. आवाज असा झाला की मला आधी वाटलं, टायर फुटला. बत्तीस वर्षं एसटी चालवलेल्या माणसाला आधी टायरच आठवणार.

या काचेला कंपनी सनरूफ म्हणते. आमची सीता तिला वाळवण म्हणते. गाडी आली त्याच वर्षी तिने शोध लावला की काळी काच उन्हात तव्यासारखी तापते, आणि रातांब्याची सोलं त्यावर घातली तर चार दिवसांचं काम दोन दिवसांत होतं. खाली घातली तर कोंबड्या, कौलांवर घातली तर माकडं. गाडीवर एकदा एक माकड बसलं होतं, त्याला असा चटका बसला की पुन्हा फिरकलं नाही. काल सोलं आगळात, म्हणजे कोकमाच्या खारट रसात, बुडवून नुकतीच पसरली होती. नारळ काचेतून थेट मागच्या सीटवर गेला, त्याच्यामागून काचेची खडीसाखर, सोलं आणि लालभडक आगळ.

नारळाला डोळे असतात, माणसाच्या डोक्यावर तो कधी पडत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. गाड्यांबद्दल मात्र जुन्या माणसांनी काही सांगून ठेवलेलं नाही.

सीतेने पहिलं काम काय केलं असेल, तर तो नारळ सीटवरून उचलला, धुतला आणि कुंपणाजवळ जांभळीखाली आमच्या राखणदाराचा पाषाण आहे, तिथे नेऊन ठेवला. उभ्याउभ्या गाऱ्हाणंही घातलं. राखणदारा, काय चुकलंमाकलं असेल तर पदरात घे, गाडीवर निभावलं हे बरं झालं, वगैरे. शेवटी माझं नाव घेऊन हळू आवाजात आणखी काहीतरी म्हणाली, ते मला ऐकू आलं नाही.

आता खरं काय ते लिहितो. गाडी माझ्या नावावर आहे, पैसे मितेशचे. शिमग्याला आला होता तेव्हा म्हणाला, तीस जूनला तुमचं लायसन संपतंय, त्यानंतर गाडी पुण्याला घेऊन जातो, तुमचं वय झालं. मी म्हटलं, वय झालं म्हणजे काय रे? बत्तीस वर्षांत एका कोंबडीलाही धक्का लागलेला नाही, महामंडळाने विनाअपघात सेवेचा बिल्ला दिला तो काय उगाच? त्याचं मत मात्र बदललं नाही हे कळलं. म्हणून मी ठरवलंय की हा क्लेम पहिल्यापासून शेवटपर्यंत मी एकट्याने करणार. एक चूक झाली की मितेश म्हणणार, बघा. आणि गाडी गेली की मी पडवीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या एसट्या मोजणार. ते मला सहन होणार नाही. इथे लिहायला हरकत नाही, ही वही कोण वाचतंय.

७ मे, मंगळवार

सकाळी दोघं मतदान करून आलो. मग क्लेमला बसलो.

विमा कंपनीचं एक ॲप आहे, त्यात फोटो टाकायचे. परवाच, गाडी जागेवरून हलवण्याआधी, मी अकरा फोटो काढले होते. अकराच्या अकरा परत आले, प्रत्येकाखाली तांबड्या अक्षरांत ‘अस्पष्ट’. भिंग धोतराच्या सोग्याने पुसलं आणि आज सहा नवे काढले. त्यातले पाच अस्पष्ट, आणि सहाव्यात माझं शाई लावलेलं बोट. हा फोन मितेशने दिवाळीला दिला तेव्हाच मला शंका आली होती. महागाचं सगळंच काही चांगलं नसतं.

शेवटी सीतेने परवा मितेशला दाखवायला म्हणून स्वतःच्या फोनवर दोन फोटो काढले होते, तेच टाकले. दोन्ही एका झटक्यात मंजूर झाले. तिचा फोन चार वर्षं जुना आहे आणि पिठात पडून निघालेला आहे. नशीब म्हणायचं, दुसरं काय.

गाडी मागे घेऊन मोकळ्यात लावली, वर निळी ताडपत्री बांधली. सीता सोलांच्या घमेल्याकडे बघून सुस्कारे टाकते आहे. काचेचे कण मिसळल्यामुळे सगळी टाकून द्यावी लागली. वर्षाचं आंबट गेलं.

८ मे, बुधवार

आज कंपनीतून एका मुलीचा फोन आला. आवाज अगदी हळुवार, दवाखान्यात बोलतात तसा. म्हणाली, सर, गाडीतली जखमी व्यक्ती आता कशी आहे? मी म्हटलं, कोण जखमी? ती म्हणाली, फोटोत सीटवर इतकं रक्त आहे, पोलिसांत नोंद केली का?

बत्तीस वर्षांत ज्या माणसाच्या नावावर एक खरचटणं नाही त्याच्या नावावर एकदम रक्तपात. मी सांगितलं, बाई, ते रातांब्याचं आगळ आहे. तिला आगळ ठाऊक नाही. कोकम म्हटलं, तर तिने सरबताच्या बाटल्या पाहिलेल्या. मग गाडीच्या टपावर सरबत कसं, हा पुढचा प्रश्न. मी हात टेकले आणि फोन सीतेकडे दिला.

सीता तिच्याशी पाव तास बोलली. रातांबा कसा फोडायचा, बी वेगळी कशी काढायची, मीठ किती, ऊन किती, सोल किती वेळा बुडवायचं. शेवटी शेवटी ती मुलगी विचारत होती की पित्तावर चालतं का. फोन ठेवताना म्हणाली, रक्त हा शेरा काढून टाकते, पण फोटोंवर हे प्रकरण मिटणार नाही, सर्व्हेअर प्रत्यक्ष येतील.

म्हणजे आता परीक्षा तोंडी होणार. चालेल. लेखीपेक्षा मला तोंडी बरी.

१० मे, शुक्रवार

आज अक्षय्य तृतीया. आंबे उतरवून झाले, म्हणून दोघं आचऱ्याच्या बाजारात जाऊन आलो. ताडपत्री वाऱ्याने फडफडत होती, पण गाडी चालते ठीक.

एक तक्रार लिहून ठेवतो. सीतेला हल्ली गाडीत बोलायची सवय लागली आहे. एसटीत मी चालवायचो तेव्हा ही माझ्या मागच्या सीटवर तीन-तीन तास तोंड उघडायची नाही. आता गाडी दारातून बाहेर पडली की सुरू. अवो, डावीकडे खड्डो. अवो, फुडे गाय. ह्यो बघा, सायकलवालो इलो. आज जाऊन येऊन मोजलं, छत्तीस वेळा बोलली. मी म्हटलं, मला काय आंधळा समजतेस? त्यावर हसली आणि म्हणाली, पुलाकडे हळू घ्या. बायकांचं वय वाढलं की भीती वाढते, असं मी ऐकलं होतं. तेच असणार.

संध्याकाळच्या आत परतलो. अंधार पडल्यावर मी गाडी काढत नाही. आजकालच्या गाड्यांचे दिवे इतके पांढरे असतात की समोरच्याला काही दिसूच नये, अशीच बनवणाऱ्यांची इच्छा असावी.

११ मे, शनिवार

आज फॉर्म भरला. अक्षर इतकं बारीक की मुंग्यांची रांग. पॉलिसीचा नंबर दोनदा चुकीचा म्हणून परत आला. आठ आणि तीन यांत फरक ठेवायला छापणाऱ्याला काय होतं? तिसऱ्या वेळी सीता ओट्यावर चटणी वाटता वाटता नंबर बोलली आणि तो बरोबर निघाला. हिला तो पाठ कसा, देव जाणे.

घटनेचा जबाब मात्र मी स्वतः लिहिला, अगदी सुवाच्य. ‘गाडी आंब्याच्या सावलीत, माडापासून सुमारे दहा फूट अंतरावर, सुरक्षित जागी उभी होती. वाऱ्यामुळे नारळ तिरका येऊन पडला.’ माडाखाली गाडी लावू नये हे मी गावात दहा जणांना शिकवलंय. बत्तीस वर्षांत गाडी कुठे लावावी हे मला सांगायची पाळी डेपो मॅनेजरवरही आली नव्हती.

सीता आत मितेशशी फोनवर बोलत होती. रोज बोलते, आणि मी आत गेलो की विषय एकदम पाककृतीवर येतो. पोरगा पुण्यात स्वतः स्वयंपाक करतो म्हणजे कौतुकच.

१३ मे, सोमवार

सर्व्हेअर येऊन गेली. मी बॅगवाला टक्कल पडलेला कोणी साहेब येणार असं धरून बसलो होतो. आली सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी, रिया नावाची, कणकवलीहून स्कूटरवर. डोक्याला रुमाल, हातात मोजपट्टी. बोलणं एकदम कचेरीतलं, शुद्ध.

आधी तिने काच बघितली, मग सीट, मग विचारलं, ज्या नारळाने नुकसान झालं तो दाखवा. मी तिला जांभळीखाली घेऊन गेलो. नारळ पाषाणासमोर होता, त्यावर हळदकुंकू, बाजूला दोन जास्वंदीची फुलं. मी म्हटलं, हाच तो, हवा तर वजन करून घ्या. उचलायला वाकलो तर तिचा शुद्धपणा तिथेच गळून पडला.

"काका, उचलू नकात तो. राखणदाराक दिल्लो नारळ मागे घेतत काय?"

मी म्हटलं, मग पुरावा? तिने चप्पल काढून चार हात लांबून फोटो काढला, नमस्कार केला आणि वहीत लिहून मला वाचून दाखवलं : ‘सदर नारळ धार्मिक कारणास्तव तपासणीसाठी उपलब्ध नाही.’ ही मुलगी पुढे जाणार.

मग गाडीचा चासी नंबर पाहिजे होता. मला म्हणाली, तुम्ही वाचा, मी लिहिते. नेमकं ऊन माझ्या डोळ्यांवर आलं. सीतेने मागून वाचला. मग मीटरचा आकडा. तोही सीतेनेच वाचला, कारण तोपर्यंत ती तिथेच उभी होती. रियाने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

गाडी कुठे होती विचारलं. मी आंब्याची सावली दाखवली. ती तिथे गेली, खाली बघितलं, मग चालत माडाच्या बुंध्यापर्यंत गेली आणि बसून काहीतरी वेचलं. काचेचे कण होते. मी म्हटलं, काच उडते कुठच्या कुठे. तिने ते कण कागदात बांधून पिशवीत टाकले.

जेवायला नाही म्हणत होती, पण सीतेने बांगड्याचं तिखलं समोर ठेवल्यावर नाही म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय. जेवताना सीतेने तिच्या हातात एक कागद दिला. नुकसानीची यादी : काच एक, सीटकव्हर दोन, सोलं अडीच पायली. रियाने तिसरी बाबही शेऱ्यात घेतली.

काम फत्ते झालं असं वाटतंय. मितेशला फोन करून सांगितलं, एकट्याने केलं सगळं. तो म्हणाला, छान बाबा. जरा जास्तच हळू म्हणाला.

१४ मे, मंगळवार

फत्ते कसलं.

सकाळी रियाचा फोन आला. म्हणाली, काका, जबाब आणि फोटो जुळत नाहीत. जबाबात माड दहा फुटांवर आहे, काकींनी काढलेल्या फोटोत गाडीचा बंपर माडाला टेकलेला आहे. असा रिपोर्ट वर गेला तर खोटी माहिती म्हणून क्लेम नामंजूर होईल.

माझा तोल गेला. मी तिला म्हटलं, तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून मी करूळच्या घाटात गाडी चढवतोय, माड आणि आंबा यांतला फरक मला तू शिकवू नकोस. फोटोत सगळं जवळच दिसतं. ती ऐकून घेत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली की रिपोर्ट मी उद्या दुपारपर्यंत पाठवत नाही.

सीतेला म्हटलं, दाखव तो फोटो. तिने दाखवला. मी जवळ धरला, लांब धरला. तिने मोठा करून दिला. मला एक पांढरा पट्टा दिसला आणि एक तपकिरी पट्टा. दोन्हींच्या मध्ये काय होतं ते मला सांगता येईना. ‘दिसला ना?’ असं तिने विचारलं नाही. फोन घेऊन आत गेली.

जेवलो नाही. उगाच त्या पोरीवर ओरडलो याचं वाईट वाटतंय.

१५ मे, बुधवार

सकाळी लवकर उठून माडाकडे गेलो. बुंध्यावर गुडघ्याच्या उंचीवर हात फिरवला. बोटाला आधी लागलं, डोळ्यांना नंतर दिसलं. साल खरवडलेली होती आणि त्यात पांढरा रंग भरला होता, आमच्या गाडीचा. मी गाडी नुसती माडाखाली लावली नव्हती, माडाला टेकवून लावली होती. आणि खाली उतरून, कुलूप लावून, आंब्याच्या सावलीत लावली असं समजून घरात आलो होतो.

मग पडवीतल्या कॅलेंडरसमोर उभा राहिलो. उजवा डोळा झाकला. कॅलेंडर भिंतीत विरघळून गेलं. डावा झाकला. चौकोन आहेत एवढं कळलं, आत काय आहे ते नाही. हे मी पहिल्यांदा करून पाहिलं असं नाही. शिमग्याला मितेश लायसनबद्दल बोलला त्याच रात्री केलं होतं. तेव्हा स्वतःला सांगितलं की बल्ब कमी पॉवरचा आहे. नंतर वहीत सुद्धा लिहिलं नाही, आणि ही वही तर कोणी वाचत नाही. आता लिहितो. मला नीट दिसत नाही, आणि मला ते ठाऊक होतं.

दुपारपर्यंत दोन वाटा होत्या. एक, दहा फुटांवर अडून बसायचं, फोटोचा कोन चुकला म्हणायचं, बुंध्यावरचा रंग कोयत्याने तासून टाकायचा. कोयता हातात घेतलाही होता. दुसरी वाट मितेशकडे जाते आणि तिथून गाडी पुण्याला जाते. अकरा वाजेपर्यंत पायरीवर बसून होतो. एसटीत असताना एकदा एक नवा ड्रायव्हर माझ्याकडे शिकायला होता, त्याला मी सांगायचो, चुकलास तर चुकलो म्हण, गाडी थांबव, मग पुढचं बघू. तो आता चांगला ड्रायव्हर आहे. कोयता ठेवून दिला.

नवा जबाब लिहिला. ‘गाडी माडाला टेकून उभी होती. तशी मीच लावली. मी सुरक्षित जागी लावली आहे अशी माझी समजूत होती, कारण मला माड दिसला नाही. दोन्ही डोळ्यांना कमी दिसतं. पूर्वीचा जबाब चुकीचा आहे, तो रद्द समजावा.’ सही केली.

सीता दारात होती. मी तिला विचारलं, तुला हे कळलं होतं? ती निवडत असलेले तांदूळ निवडत राहिली.

"मी आसंय मा बाजूक," ती म्हणाली. "आजपर्यंत काय अडला?"

बायको धीर देते ती अशी. मला भरून आलं, आणि तिला दिसू नये म्हणून मी विहिरीवर जाऊन तोंड धुतलं.

रिया दुपारी आली. जबाब दोनदा वाचला. मी कालच्या बोलण्याबद्दल माफी मागितली, ती तिने हातानेच उडवून लावली. मी म्हटलं, आता क्लेम गेलाच असं समजायचं ना? ती म्हणाली, गाडी उभी होती, इंजिन बंद होतं, नारळ वरून पडला. उभ्या गाडीच्या चालकाचे डोळे कंपनी विचारत नाही. मग कागद पिशवीत घालताना तिची भाषा बदलली.

"कंपनी इचारणा नाय, पण मी इचारतंय, काका. डोळे कधी दाखयतलास?"

ती गेल्यावर मी मितेशला फोन केला. म्हटलं, ये आणि गाडी घेऊन जा. इतकी वर्षं इतक्या लोकांना ठिकाणावर पोचवलं, पण एवढं एक वाक्य बोलायला मला फार वेळ लागला.

१८ मे, शनिवार

मितेश काल आला. तो काही बोलायच्या आत मी चावी त्याच्या हातावर ठेवली. त्याने ती खिशात घातली आणि म्हणाला, गाडी कुडाळच्या गॅरेजला टाकायची आहे, आणि तिथेच उद्या दहाला डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतलेली आहे. त्या डॉक्टरकडे पंधरा-पंधरा दिवस नंबर लागत नाही असं ऐकून होतो. आम्हाला दोन दिवसांत कसा मिळाला कोण जाणे. योग लागतात कधी कधी.

आज दाखवून आलो. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत, डावा पूर्ण पिकलेला. आंबे उतरवायच्या दिवसांत पिकण्यासारखं माझ्याकडे आणखी काहीतरी होतं म्हणायचं. डॉक्टरने विचारलं, इतके दिवस गाडी कशी चालवलीत? मी म्हटलं, अनुभवावर. सीता खिडकीबाहेर बघत होती.

२९ मे, बुधवार

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन काल झालं, आज पट्टी काढली. पहिली दिसली ती सीता. तिची राखाडी साडी हिरवी निघाली. दोन वर्षं मला वाटत होतं की साडी विटली तरी ही नवी का घेत नाही.

तिच्या कपाळावर चार नव्या सुरकुत्या आहेत. दोन्ही भुवयांच्या मध्ये, उन्हात लांबवर एकटक बघणाऱ्या माणसाला पडतात तशा. ही तर दिवसभर घरात असते.

२ जुलै, मंगळवार

उजवाही डोळा झाला. पाऊस धो धो. लायसन परवा संपलं. गाडी काच बसवून पुण्याला गेली आहे. पडवीतून एसट्या दिसतात, पाट्या वाचता येतात, चालवणारा कोण आहे तेही कळतं. वाटलं होतं तितकं वाईट नाही. पण चांगलंही नाही.

कंपनीचं पत्र आलं. क्लेम मंजूर. काचेचा पूर्ण खर्च, सीटकव्हरचा अर्धा. ‘टपावर वाळत घातलेला खाद्यपदार्थ पॉलिसीत समाविष्ट नाही.’ हे वाक्य मी सीतेला मोठ्याने, चष्म्याशिवाय वाचून दाखवलं. ती म्हणाली, असल्या पॉलिसीचा उपयोग काय?

२६ जुलै, शुक्रवार

डॉक्टरने दाखला दिला. दोन्ही डोळे पास. दाखला खिशात घेऊन लायसनच्या अर्जाला गेलो तेव्हा छातीत धडधडत होतं, पहिल्यांदा ड्रायव्हरचा बिल्ला काढायला गेलो होतो तेव्हासारखं. समोरच्या भिंतीवरचा तक्ता वाचायला सांगितला. शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. त्याखाली छापखान्याचं नाव होतं, तेही वाचलं.

मितेशला कळवलं. गाडीबद्दल मी काही विचारलं नाही, त्यानेही काही सांगितलं नाही.

१२ ऑगस्ट, सोमवार

परवा दुपारी जेवून पडलो होतो तर खळ्यात हॉर्न वाजला. आमच्याच गाडीचा. मितेश पुण्याहून घेऊन आला. गाडी त्याने उघड्यावर लावली, माडापासून पंचवीस फुटांवर. मी पडवीतूनच अंतर सांगितलं, मग त्याने पट्टी लावून मोजलं. चोवीस निघालं. चावी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, मी उद्या रात्रीच्या बसने परत जातो. मला काहीतरी बोलायचं होतं, ते राहूनच गेलं. तोही घाईत होता.

आज श्रावणी सोमवार म्हणून सीतेला घेऊन कुणकेश्वरला निघालो. मीच चालवत होतो. रस्ता असा काही धुतलेला, दोन्ही बाजूंना हिरवं, वळणावरचे पांढरे दगड लांबून मोजावेत. मनात आलं, बघू या आज किती वेळा बोलते ती. मोजायला सुरुवात केली.

कातवणच्या अलीकडे म्हशींचा कळप आडवा आला, मी थांबलो, ही गप्प. पुढे मोठा खड्डा, मी चुकवला, तरी गप्प. समोरून एसटी आली, बाजूला घेऊन तिला वाट दिली, तरीही शब्द नाही. बघतो तर मान खिडकीला टेकवून गाढ झोपलेली, तोंड थोडं उघडं, पूजेची पिशवी मांडीवरून घसरत चाललेली. घरापासून दोन मैल झाले नव्हते.

दोन वर्षांत ही माझ्या गाडीत एकदाही झोपली नव्हती. मला काळजी वाटली. गाडी कडेला घेतली, थांबवली, आणि तिला जाग येणार नाही अशा बेताने कपाळावर हात ठेवून पाहिला.

ताप नव्हता.